तिसरा स्क्रू निघत नाही

प्रश्न : आमच्याकडे बिडाच्या तोंडाची जुनी कडबाकुट्टी आहे. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पाणी आलं, तेव्हा ती गोठ्यासकट गाळात गेली. आता तिला नवी मोटर जोडून, भोवती लोखंडी गार्ड वेल्ड करून पुन्हा उभी करायची, असं मी आणि आयटीआय झालेल्या माझ्या पुतण्यानं मनावर घेतलंय. तोंडाशी जे स्थिर पातं असतं, ते चपट्या डोक्याच्या, प्लसच्या तीन स्क्रूंनी बसवलेलं आहे. स्क्रू ८ एमएमचे आहेत. दोन निघाले. तिसऱ्याचं प्लस घासून पार गुळगुळीत झालं. डिझेल ओतलं, हातोडी मारली, काही उपयोग नाही. पुतण्या म्हणतो, ड्रिल मारून इझी-आउट घालू. शेजारचा वेल्डर म्हणतो, वर नट चिकटवू, मिनिटात निघेल. कोणाचं ऐकायचं?
— एक पशुपालक, परंडा तालुका

उत्तर : दोघांचंही ऐकायचं, पण अर्धं अर्धं. पुतण्याचं ड्रिल घ्यायचं आणि त्याचा इझी-आउट पेटीतच ठेवायचा. वेल्डरचा नट घ्यायचा, पण आज नाही, पातं निघाल्यावर. असं का, ते सांगतो.

आधी तो स्क्रू अडलाय कुठे ते पाहू. आपली समजूत अशी असते की गंज आट्यांत बसलाय आणि आट्यांनीच स्क्रू धरून ठेवलाय. हे अर्धंच खरं आहे. नट-बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के जोर बोल्टला ताण देण्याच्या कामी येतो. सोडवताना हेच हिशेब उलट्या बाजूनं आडवे येतात. तुमच्या स्क्रूचं डोकं तर चपटं, म्हणजे खाली निमुळतं. ते पात्याच्या तिरप्या खळग्यात पाचरीसारखं रुतून बसतं. त्या फटीत गाळ गेला, वर गंज चढला. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. फट तेवढीच, आतला ऐवज वाढला. त्यामुळे तुमचा स्क्रू आट्यांपेक्षा डोक्याशी जास्त अडकला असण्याचा संभव मोठा आहे.

आता प्लस का घासलं? यात तुमच्या हाताचा दोष कमी आहे. ‘प्लस’चं तोंड हेन्री फिलिप्स या अमेरिकी माणसाच्या नावानं ओळखलं जातं. तो ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचा. मूळ कल्पना जॉन थॉम्प्सन नावाच्या दुसऱ्याच माणसाची होती. फिलिप्सनं ती विकत घेऊन सुधारली, १९३६ मध्ये तिची पेटंटं मिळवली आणि कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यानं ते स्क्रू वापरायला सुरुवात केल्यावर ते जगभर पसरले. यंत्रानं भराभर स्क्रू बसवायला हे तोंड फार सोयीचं, कारण ड्रायव्हरचं टोक आपोआप मध्यावर बसतं. पण या खाचेच्या भिंती तिरप्या असतात. पीळ दिला की ड्रायव्हर त्या भिंतींवरून वर चढू पाहतो. बसवताना हे खपून जातं. जाम झालेला स्क्रू सोडवताना मात्र तो वर चढतो, सटकतो आणि दर सटक्याला खाचेच्या कडा खरवडतो. म्हणून प्लसच्या स्क्रूला पिळापेक्षा दाब जास्त हवा.

आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्लसचे नंबर असतात. घराघरांत असतो तो २ नंबरचा ड्रायव्हर, तो ५ एमएमपर्यंतच्या स्क्रूंसाठी. ६ एमएमला ३ नंबर लागतो आणि ८ एमएमला चक्क ४ नंबर. तो सगळ्याच हार्डवेअर दुकानांत मिळत नाही, मागितला तर दुकानदारच उलट विचारतो कशाला पाहिजे म्हणून. तुम्ही बहुधा २ नंबरनं प्रयत्न केला असणार. पहिले दोन निघाले हीच कमाल.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला वायर काढा, मोटर जोडली असेल तर बोर्डापासून सोडवा, आणि चाक फिरणार नाही असं लाकडी पाचर मारून अडवा. कडबाकुट्टीचं चाक जड असतं. ते वीज नसतानाही स्वतःच्या वजनानं फिरतं आणि त्यावरची पाती बोटांची वाट पाहत नाहीत.

तेल टाकलंय, पण कोणतं आणि किती वेळ हे महत्त्वाचं. डिझेल आत शिरतं, पण सावकाश. गंज सोडवणारा कोणताही स्प्रे चालेल. डब्ल्यूडी-४० बद्दल जाता जाता : ते १९५३ मध्ये सॅन दिएगोत अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर पाणी राहू नये म्हणून बनवलं गेलं, आणि नावातला ४० हा जमून आलेल्या चाळिसाव्या मिश्रणाचा आकडा. म्हणजे ते मुळात पाणी हटवणारं द्रव्य आहे. गंज सोडवण्यात त्याहून सरस पातळ तेलं बाजारात आहेत. काही मेकॅनिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ, आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळतात. ते चांगलं काम करतं, पण अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतो, तेव्हा कडब्याच्या गंजीजवळ हा उद्योग नको. काहीही वापरा, आधी सुईनं किंवा तारेनं खाचेतला आणि डोक्याभोवतीचा गाळ कोरून काढा. गाळ असेल तर तेल वरच पसरतं. मग तेल घाला, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा घाला.

हातोडी मारली म्हणता, पण कशी? गंज ठिसूळ असतो. त्याला मोठा पीळ मोडत नाही, छोटे छोटे धक्के मोडतात. एक जाड, सपाट तोंडाचा पंच डोक्याच्या मधोमध ठेवा आणि हलक्या हातानं, पण सलग वीस-पंचवीस ठोके द्या. तोंड बिडाचं आहे हे मात्र विसरू नका. बीड दाबाला टणक, पण वाकत नाही, फाटतं. घणाचा एक घाव कडेला बसला तर तडा जाईल, आणि बिडाचा तडा भरून काढणं हे स्क्रू काढण्यापेक्षा कितीतरी खर्चिक काम.

एवढ्यानं काम झालं असतं तर बरं, पण प्लस गेलंय तेव्हा धरायला काहीच उरलेलं नाही. खाच थोडी तरी शिल्लक असती, तर मी दोन गोष्टी सुचवल्या असत्या. एक म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, जी इंजिनच्या हेडचं काम करणाऱ्या कोणत्याही गॅरेजमध्ये असते. ड्रायव्हरच्या टोकाला तिचा थोडा लेप दिला की तिच्यातले खरखरीत कण दोन्हीकडे रुततात आणि टोक कमी सटकतं. दुसरं, मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याच्या मागच्या टोकावर हातोडी मारली की पुढचं टोक एकाच वेळी खाली दाबतं आणि थोडं फिरतंही. दाब आणि पीळ एकाच क्षणी मिळतात, आणि वर सांगितलं तसं प्लसला नेमकं तेच हवं असतं. ज्यांच्याकडे जुनी मोटारसायकल आहे त्यांनी हे हत्यार घरात ठेवावंच. तिथे आणखी एक मेख आहे. जपानी बनावटीच्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू दिसायला प्लसचे, पण ते फिलिप्सचे नसून जपानी मानकाचे असतात. खाचेचा आकार अगदी किंचित वेगळा. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका कोरलेला असतो. साधा ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, वरच अडखळतो, आणि मग लोक म्हणतात कंपनीनं लोण्याचे स्क्रू लावलेत.

पण तुमच्या स्क्रूकडे वळू. डोकं पात्याच्या पृष्ठभागाशी सपाट असल्यानं त्यावर एक्सो ब्लेडनं मायनसची खाच पाडता येणार नाही. पातं कापलं जाईल. छन्नीनं डोक्याची कड टोचून उलट दिशेला मारणं गोल डोक्याच्या स्क्रूला जमतं, इथे तेही नाही. उरले पुतण्याचा आणि वेल्डरचा उपाय.

वेल्डरचं म्हणणं तत्त्वतः उत्तम आहे. जाम स्क्रूवर नट चिकटवणं हा खेड्यापाड्यातला सर्वांत भरवशाचा उपाय, कारण त्यात धरायला जागाही मिळते आणि उष्णताही. तापलेला स्क्रू फुगू पाहतो, पण भोवतालचं थंड लोखंड त्याला फुगू देत नाही. तो आतल्या आत किंचित दबला जातो आणि थंड झाल्यावर आधीपेक्षा बारीकसा आखडतो. तिथेच गंजाची पकड सुटते. अडचण आहे ती पात्याची. ते टणक केलेल्या पोलादाचं असतं. स्क्रू पात्यातच असताना वर वेल्डिंग केलं तर भोवतालच्या भागाचं पाणी उतरेल, किंवा एकदम गार झाल्यास तो भाग ठिसूळ होऊन पुढे तडकेल. गॅसची ज्योत लावली तर आणखी वाईट, धारेपर्यंत पाणी उतरेल. नवं पातं घ्यायचंच असेल तर वेल्डरला आत्ताच बोलवा. तेच पातं धार लावून वापरायचं असेल तर थांबा.

म्हणून आधी ड्रिल, पण स्क्रूच्या पोटात नाही, फक्त डोक्यात. घासलेल्या प्लसचा खड्डा इथे उपयोगी पडतो, तो ड्रिलला आपोआप मध्य दाखवतो. आधी ४ किंवा ५ एमएमच्या बिटनं चार-पाच मिलिमीटर खोल भोक पाडा. वेग कमी, दाब भक्कम, आणि थेंब थेंब तेल. मग त्याच भोकात ८ किंवा साडेआठ एमएमचं बिट घाला. ८ एमएमच्या स्क्रूचं चपटं डोकं साधारण साडेचार-पाच मिलिमीटर जाडीचं असतं. तेवढं खोल गेलात की डोकं कड्यासारखं सुटून बिटवर फिरू लागतं. थांबा. तिथून पुढे एक दोराही जाऊ नका.

डोकं सुटलं की पातं वर उचलून काढता येईल. जरा चिकटलं असेल तर बाजूनं लाकडी ठोकळा ठेवून ठोका. आता पात्याच्या जाडीतून डोक्याची जाडी वजा केली की उरतो तेवढा खुंट बिडाच्या तोंडातून वर आलेला दिसेल. त्यातच या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई आहे. डोक्याखालचं घर्षण संपलं, म्हणजे निम्मा विरोध गेला. ताण सुटला, म्हणजे आटे एकमेकांवर जे दाबून बसले होते ते सैल झाले. पुष्कळदा अशा खुंटाला व्हाइस ग्रिप पक्कड लावली की तो मुकाट्यानं फिरतो. पकडीचे जबडे खुंटाच्या मुळाशी लावा, टोकाला नको. आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडायच्या. पुढे-मागे, पुढे-मागे, मध्ये तेल. एकाच दिशेला हट्टानं पिळला तर खुंट मोडतो.

नाहीच फिरला तर आता वेल्डरला हाक मारा. पातं बाजूला आहे, त्याला धोका नाही. खुंटावर एक नट ठेवायचा, १० एमएमचा चालेल. तो जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर मुलामा आधी ग्राइंडरनं काढायचा, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. नटच्या भोकातून १२ नंबरच्या रॉडनं, म्हणजे अडीच एमएमच्या, खुंटाच्या माथ्यावरून वर भरत यायचं. १० नंबरचा रॉड इथे जरा जाड पडतो. साधा रॉड बिडाला धड चिकटत नाही, हा त्याचा दोष इथे आपल्या फायद्याचा आहे : थोडं शिंतोडलं तरी खुंट बिडाशी जोडला जाण्याची भीती कमी. अर्थिंगचा चिमटा त्या तोंडाच्या बिडालाच, खुंटाच्या शक्य तितक्या जवळ लावा. चिमटा चाकाच्या बाजूला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पाडतो. ट्रॅक्टरवर किंवा मोटारीवर असं काम असेल तर आधी बॅटरी सोडवा. आणि तेल, डिझेल, कडब्याचा भुसा सगळं पुसून, झाडून मगच रॉड पेटवा.

वेल्डिंग झालं की घाई करू नका. लालपणा जाऊ द्या, हात लावता येणार नाही इतपत गरम असताना खुंटाच्या मुळाशी मेणबत्तीचं टोक टेकवा. मेण वितळून आट्यांच्या फटीत खेचलं जातं आणि वंगणाचं काम करतं. मग पाना लावून पुन्हा तोच पुढे-मागे क्रम. पहिल्या वेळी नट उखडला तर परत चिकटवायचा. दुसऱ्या वेळी उष्णता आणखी आत गेलेली असते, त्यामुळे हा दुसरा प्रयत्न जास्त वेळा यशस्वी होतो.

आता इझी-आउटला माझा विरोध का? इझी-आउट म्हणजे उलट्या पिळाचा, निमुळता, अतिशय टणक खिळा. भोकात घालून फिरवला की तो रुततो. रुतताना तो स्क्रूच्या भिंती बाहेर ढकलतो, म्हणजे जो स्क्रू आधीच घट्ट आहे त्याला आणखी घट्ट करतो. गंजलेल्या स्क्रूशी झुंजताना पुष्कळदा इझी-आउटच मोडतो. आणि तो इतका टणक असतो की साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. मग ते तोंड उचलून पुण्याच्या भोसरीत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला न्यायचं आणि स्पार्क मशीनवर तो तुकडा जाळून काढून घ्यायचा. ही स्पार्क मशीनची पद्धत, जिच्यात विजेच्या ठिणग्यांनी धातू कणाकणानं झडतो, १९४० च्या दशकात सोव्हिएत रशियात लाझारेंको दांपत्यानं शोधली. शोध मोठा आहे, पण कडबाकुट्टीच्या एका स्क्रूसाठी तिथवर जायची वेळ येऊ नये. पुतण्याला सांगा, इझी-आउट ताज्या तुटलेल्या, न गंजलेल्या बोल्टसाठी ठेव. तिथे तो खरोखर कामाचा आहे.

सगळे उपाय थकले आणि खुंट तोंडाशीच मोडला, तर शेवटी पूर्ण ड्रिल करायचं. माथा कानसीनं सपाट करून नेमका मध्य पंचानं ठोकायचा, कारण इथे मध्य चुकला की बिडाचे आटे जातात. ३ एमएमपासून वाढवत ६.८ एमएमपर्यंत जायचं. ८ एमएमच्या आट्यांचा पीच सव्वा एमएम, तो वजा केला की पावणेसात. बाजारातलं बिट ६.८ चं. मध्य बरोबर असेल तर आट्यांत स्क्रूची फक्त तारेसारखी वेटोळी उरते, ती टोच्यानं उपसता येते. मग ८ चा टॅप फिरवून आटे साफ करायचे. मध्य सरकलाच तर १० एमएमचे आटे पाडा, त्यासाठी साडेआठचं भोक लागतं. पात्याचं भोकही मग मोठं करावं लागेल, आणि टणक पात्यात ते साध्या बिटनं होणार नाही. म्हणून हा उपाय शेवटचा.

नवे स्क्रू घेताना प्लसचे घेऊ नका. चपट्या डोक्याचेच, पण एलनकीचे घ्या. ८ एमएमला ५ एमएमची एलनकी लागते. बसवताना आट्यांना आणि डोक्याच्या उताराला ग्रीस लावा, ग्रॅफाइटचं मिळालं तर उत्तम. ‘स्टेनलेसचे लावतो म्हणजे गंजच नको’ असं कोणी सुचवेल. बिडात स्टेनलेस चालेल, पण ग्रीस तरीही हवंच. आणि स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट कोरडा, भराभर आवळू नका. त्या दोघांचे आटे गंजाशिवायच एकमेकांना चिकटतात आणि मग कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जाता जाता, तुमच्या भागात विहिरींवर अजून जुनी ऑइल इंजिनं सापडतात म्हणून. किर्लोस्कर, साताऱ्याचं कूपर, किंवा विलायती लिस्टर. देशात मेट्रिक पद्धत १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं आली. त्याआधीच्या, आणि नंतरही कितीतरी वर्षं जुन्याच आराखड्यावर बनलेल्या इंजिनांचे बोल्ट इंची, पुष्कळदा व्हिटवर्थ पद्धतीचे असतात. ५/१६ व्हिटवर्थचा जुना, मोठ्या डोक्याचा बोल्ट घ्या : त्याचं डोकं सुमारे १५.२ एमएम. १५ चा पाना चढत नाही, १६ चा सैल बसतो आणि दोन झटक्यांत सहाही कोपरे गोल. असे गोल झालेले बोल्ट लोक ‘गंजले’ म्हणून खपवतात. खरं तर पाना चुकलेला असतो.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या पितळी पाटीत पोलादाचा बारीक स्क्रू मोडून आत राहिलाय. वर काहीच धरायला नाही आणि ड्रिल मारायची हिंमत होत नाही. काही उपाय?
— तुळजापूर

उत्तर : आहे, आणि तो किराणा दुकानात मिळतो. तुरटी. घड्याळजी ही युक्ती पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत. तुरटीचं पाणी आम्ल असतं. ते लोखंड-पोलाद हळूहळू खातं, पितळेला जवळजवळ हात लावत नाही.

पाटी पूर्ण मोकळी करा. तिच्यावर दुसरा कुठलाही पोलादी भाग, खिळा, स्प्रिंग, दट्ट्या राहता कामा नये, नाहीतर तोही विरघळेल. काचेचं किंवा उष्णता सोसणारं प्लास्टिकचं भांडं घ्या, स्टीलचं नको. गरम पाण्यात विरघळेल तितकी तुरटी विरघळवा आणि पाटी अशी बुडवा की मोडका स्क्रू वर राहील, म्हणजे निघणारे बुडबुडे अडकणार नाहीत. बुडबुडे दिसले की समजा काम सुरू झालं. तो हायड्रोजन असतो, म्हणून भांड्यावर झाकण घट्ट लावू नका आणि जवळ निरांजन नको. पाणी कोमट राहील असं पाहा, गार पाण्यात हेच काम फार रेंगाळतं. अधूनमधून वर साचणारा काळा थर ब्रशनं झटका. बारीक स्क्रूला काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करा. पितळ जरा लालसर दिसलं तर घाबरू नका, पॉलिशनं जातं. स्क्रू स्टेनलेसचा असेल तर मात्र तुरटीपुढे तो ढिम्म राहील.

हीच युक्ती अ‍ॅल्युमिनियममध्ये मोडलेल्या पोलादी टॅपलाही चालते, पण तिथे भांड्यावर नजर ठेवावी लागते.

पितळ-काशात अडकलेलं लोखंड ही अडचण तशी फार जुनी. शत्रूची तोफ हाती लागली आणि ओढून नेता येत नसली की तिच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, लोखंडी खिळा ठोकून माथा सपाट करून टाकत. तोफ शाबूत, पण निकामी. परत मिळवणाऱ्याला तो खिळा कोरून काढावा लागे, आणि कोरताना कान मोठा झाला तर तिथे नवी धातूची नळी बसवावी लागे. आज आटे गेलेल्या भोकात आपण तारेची गुंडाळी घालून नवे आटे करतो, तेही याच चालीचं काम. पहिलं पत्र परंड्याचं आलं म्हणून हे आठवलं : विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि विजापूरला जाण्याआधी परंड्याच्या किल्ल्यात होती. काशाची आहे. तिच्या कानात कोणी खिळा ठोकला होता असं मात्र मी म्हणत नाही, उगाच कोणी बघायला जाऊ नका.

प्रश्न : टेबल फॅनचं पातं काढायचंय. मधली प्लास्टिकची टोपी जितकी सोडवावी तितकी घट्ट होतेय. चिकटली असेल का?
— उमरगा

उत्तर : चिकटलेली नाही, तुम्ही ती आवळताय. तिचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवा, सुटेल. पातं ज्या दिशेनं फिरतं, त्या फिरण्यानंच टोपी सैल होऊ नये म्हणून ही योजना असते.

सायकलच्या डाव्या पेडललाही उलटे आटे असतात. पुढे विमानामुळे प्रसिद्ध झालेल्या राइट बंधूंनी १९०० मध्ये आपल्या सायकलींची जाहिरात करताना, आपोआप न सुटणारी पेडलं म्हणून हीच गोष्ट पुढे केली होती. वेल्डिंगवाल्याकडच्या अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरचे आटेही उलटे असतात, ऑक्सिजनचे सुलटे, म्हणजे चुकूनसुद्धा एकाची नळी दुसऱ्याला लागू नये. तिथे ओळखायला सोपं आहे : ज्या नटच्या कोपऱ्यांवर बारीक खाचा पाडलेल्या दिसतील, तो उलट्या आट्यांचा.